अंबाड्यातील चिठ्ठी

महाडाहून पोलादपुराकडे जाणाऱ्या प्रवाशास सावित्रीचे पात्र, भाताची खाचरे आणि समोर चढत गेलेला सह्याद्री ही आपोआप दिसतात. एक गोष्ट मात्र कोणी तरी सांगावी लागते. पोलादपुरात ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी दाखवितात, आणि त्याच तालुक्यातील उमरठ ह्या गावी तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. म्हणजे पराक्रम करणारा आणि पराक्रम लिहिणारा असे दोघेही एकमेकांच्या शेजारी विसावले आहेत. मौज अशी की, सिंहगडाच्या प्रसंगी ह्या शेजाऱ्यांची ग्रंथात गाठ पडत नाही. परमानंदांचे काव्य बत्तिसाव्या अध्यायात खंडित झाले असून १६७० सालापर्यंत ते पोचतच नाही. तानाजीची कथा महाराष्ट्राच्या घरोघरी नेली ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याने आणि पुढे हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ ह्या कादंबरीने.

हरिभाऊंच्या कादंबरीतील कमलकुमारी वाचकांच्या स्मरणात असेलच. उदयभानूच्या तावडीत सापडलेली ही रजपूत स्त्री नसती, तर कथानकास एवढा वेग आला नसता हे खरे. पण तिच्या वाट्यास काम कोणते आले, तर संकटात पडावयाचे आणि सुटकेची वाट पाहावयाची. ज्या लेखकाने ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमूच्या अंतःकरणाचा तळ गाठला, त्यालाच किल्ल्याखाली आल्यावर स्त्रीचे दुसरे काही रूप सुचू नये, ह्याचे नवल वाटते. परंतु हा दोष एकट्या हरिभाऊंचा म्हणता येणार नाही. लढाईची कथा लिहावयास बसले की, भल्याभल्यांच्या लेखणीस हा जुना संस्कार घेरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ज्या तरुण मुली स्वतःच निरोप, चिठ्ठ्या आणि प्रसंगी शस्त्रे घेऊन हिंडल्या, त्यांच्या चरित्रांसही त्याने सोडलेले नाही. तेवढ्याचीच चर्चा येथे करावयाची आहे.

प्रथम महाडचेच पाहू. १० सप्टेंबर १९४२ रोजी नाना पुरोहित यांच्या पुढारीपणाखाली महाडच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि त्यावर गोळीबार झाला. कमलाकर दांडेकर, वसंत दाते प्रभृती हुतात्मे झाले. त्यांची नावे गावाने जतन केली, हे योग्यच झाले. परंतु मोर्चे काही आकाशातून उतरत नसतात. आदल्या रात्री कोणी तरी भाकरी भाजलेल्या असतात, कोणी तरी पडवीत आलेल्या अनोळखी माणसास ‘हा आमचा मामेभाऊ’ म्हणून शेजाऱ्यांस सांगितलेले असते. असल्या कामांची यादी करण्याची पद्धत आपल्याकडे नाही. ह्याच गावच्या आणखी एका थोर प्रसंगाची गोष्ट घ्या. डिसेंबर १९२७ मध्ये महाडास सत्याग्रह परिषद भरली, २५ तारखेस मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच मुक्कामात डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. स्त्रियांना काय सांगितले गेले, हे आज आपणांस वाचता येते. त्या स्त्रिया परतताना एकमेकींशी काय बोलल्या, हे त्या वेळी कोणी टिपून ठेवले नाही. चळवळीतील बायांकडे जाऊन, त्यांच्या ओट्यावर बसून, ‘तुम्ही काय केलेत?’ असे विचारणारे पुस्तक, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’, हे निघाले १९८९ साली. मध्ये एकसष्ट वर्षे गेली. विचारणारे येईपर्यंत सांगणाऱ्यांपैकी किती जणी उरल्या असतील, हा हिशेब वाचकांनीच करावा.

बेचाळीसच्या काळातील अशा एका मुलीचे बोल ऐकावयाचे, तर पोलादपुराहून आंबेनळीचा घाट चढून, प्रतापगड उजवीकडे वा डावीकडे ठेवीत, पलीकडे साताऱ्याच्या मुलखात उतरावे लागते. तेथे १९४३ पासून १९४६ पर्यंत प्रतिसरकार चालले. लोक त्याला पत्रीसरकार म्हणत. त्याचे अग्रणी क्रांतिसिंह नाना पाटील, आणि त्याच्या तुफान सेनेत काम करणारी त्यांची मुलगी हौसाताई. १९२६ साली जन्मलेल्या ह्या बाई २०२१ च्या सप्टेंबरात निवर्तल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यांची गाठ घेऊन जे लिहिले, ते २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द लास्ट हीरोज’ ह्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात आले आहे. हेच प्रकरण आम्ही पावसाळ्यात महाडास एका स्नेह्यांच्या घरी मुक्कामास असता, दिवेलागणीनंतर, मराठी करून मोठ्याने वाचले. श्रोत्यांत घरची मुले होती, सुना होत्या, आणि स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्री होत्या. मातोश्रींचे माहेर घाटावरचे, वाईकडचे. सत्तर वर्षे कोकणात काढूनही त्यांची बोली उतरलेली नाही.

हौसाताईंची हकीकत थोडक्यात अशी. आई त्या अगदी लहान असतानाच वारली. वडील भूमिगत, सरकारने घर आणि जमीन जप्त केली, आजीने नातीला वाढविले. सरकारच्या भीतीने लोक मदत करावयास कचरत. असल्या बाळपणावर आमच्याकडील चरित्रकार दोन पाने करुणरस ओततो आणि पुढे जातो. साईनाथांनी तसे केलेले नाही, ह्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. त्यांच्या लिहिण्यात हौसाताई रडत नाहीत, हसतात. आणि ज्या प्रसंगावर त्या सर्वांत अधिक हसतात, तोच प्रसंग आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लावणारा वाटला.

प्रसंग भवानीनगरच्या पोलीस ठाण्याचा. ठाण्यातील बंदुका तुफान सेनेस हव्या होत्या. ठाण्यापुढे एक जोडपे भांडू लागते. नवरा दारू प्यालेला, तो बायकोस बडवतो, ती किंचाळते, तो भला मोठा धोंडा उचलून डोक्यात घालावयास निघतो. पोलीस धावत बाहेर येतात, मध्ये पडतात; आणि तेवढ्यात मागच्या मागे सहकारी ठाण्यात शिरून बंदुका आणि काडतुसे घेऊन पसार होतात. नवरा खोटा, दारू खोटी, भांडण खोटे. बायकोचे सोंग घेतलेली ती मुलगी म्हणजे हौसाताई.

येथपर्यंत वाचले आणि मुले खदखदून हसली. मातोश्री हसल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “मार खरा हुता का?”

आम्ही पुढचे वाक्य वाचले. हौसाताईंनी नंतर त्या सहकाऱ्याकडे तक्रार केली होती की, इतक्या जोराने मारावयाचे काय कारण. आणि त्याने उत्तर दिले होते की, खरे वाटावयास नको का. म्हणजे मार खराच होता. साईनाथ हा संवाद विनोदाने सांगतात, हौसाताईंनीही तो विनोदानेच सांगितला असावा, आणि त्यात गैर काही नाही. परंतु समीक्षकाने विनोदाच्या मागे जाऊन पाहावयास हरकत नाही. हा कट सिद्धीस गेला तो कशाच्या बळावर? भर रस्त्यात नवरा बायकोस मारीत आहे, हे दृश्य इतके ओळखीचे होते की, त्यात काही डाव असेल अशी शंका एकाही पोलिसाच्या मनात आली नाही. ज्या गोष्टीने त्या मुलखातील बायांचे आयुष्य पिचून जात असे, तीच गोष्ट त्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने हत्यार म्हणून उचलली आणि तिची किंमत आपल्या पाठीवर मोजली. येथे लेखक घटकाभर थांबता, तर ह्या प्रकरणाचे मोल दुप्पट झाले असते. तो थांबत नाही; त्याला पुढच्या पराक्रमाकडे जाण्याची घाई आहे. एरवी गुणाचीच असणारी वार्ताहराची ही चपळाई येथे मात्र आम्हांस खटकली.

पुढचा पराक्रम गोव्यातला. पणजीच्या तुरुंगात पोर्तुगीजांनी एका सहकाऱ्यास अडकवून ठेवले होते. हौसाताई त्याची बहीण म्हणून भेटीस गेल्या, आणि सुटकेच्या बेताची चिठ्ठी त्यांनी आपल्या अंबाड्यात दडवून नेली. घरी तान्हे मूल होते. ते मागे ठेवून त्या आल्या होत्या. परतताना नाक्यांवरील पहारा टाळावयाचा म्हणून रात्री मांडवी पोहून जाण्याचे ठरले. विहिरीत पोहण्याइतके त्यांना येत होते, पण ही वाहती नदी, आणि तीही मांडवी. तेव्हा एका लाकडी पेटीवर त्या पालथ्या पडल्या, आणि सहकारी आजूबाजूने पोहत राहिले. पलीकडे गेल्यावर पुन्हा रानातली पायपीट. ह्या सर्व निवेदनात वीररसाचा एकही ठरीव शब्द नाही. आहे ती विहीर आणि नदी ह्यांतील फरकाची धास्ती. आमच्या मते साऱ्या प्रकरणात ह्या नदीच्या वर्णनास तोड नाही, कारण भय आणि धैर्य ही येथे वेगवेगळी काढून दाखविता येत नाहीत.

आता जरा दूर जाऊ. त्याच वर्षांत, ज्या हॉलंड देशावर जर्मनांनी मे १९४० मध्ये ताबा मिळविला होता, तेथे हारलेम शहरी हान्नी स्खाफ्ट नावाची एक मुलगी असल्याच कामात होती. हौसाताईंहून ती सहा वर्षांनी मोठी. जन्म १६ सप्टेंबर १९२० चा. ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठात ती कायदा शिकत होती. १९४३ मध्ये विद्यार्थ्यांनी राजनिष्ठेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी असे जर्मनांनी फर्मावले. तिने सही केली नाही आणि शिक्षण सोडले. दोन ज्यू मैत्रिणींना तिने आपल्या आईबापांच्या घरी लपविले. पुढे त्रूस आणि फ्रेडी ओव्हरस्टेखन ह्या दोघी बहिणींबरोबर ती सशस्त्र प्रतिकारात पडली. धाकटी फ्रेडी ह्या कामात आली तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. ह्या मुली सायकलीवरून पत्रके नेत, लपलेल्यांना हलवीत. आणि शत्रूस फितूर झालेल्यांवर त्यांनी गोळ्याही झाडल्या. जून १९४४ मध्ये झांडाम येथे यान बोनेकाम्प ह्या सहकाऱ्यासह तिने एका पोलीस अधिकाऱ्यावर हल्ला केला. बोनेकाम्प प्राणांतिक जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला, आणि त्यातून हान्नीचा पत्ता फुटला. तिच्या आईबापांना पकडून छळछावणीत नेण्यात आले. २१ मार्च १९४५ रोजी नाक्यावरील तपासणीत ती सापडली, आणि १७ एप्रिल रोजी समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत तिला गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच हॉलंड मुक्त झाला. त्या टेकड्यांतून पुढे ४२२ प्रेते उकरून काढली गेली. त्यांत स्त्री एकटी हीच होती.

हिच्यावर ट्यून द व्ह्रीस ह्या नामांकित डच कादंबरीकाराने १९५६ साली कादंबरी लिहिली. तिचे नाव ‘तांबड्या केसांची मुलगी’. १९८१ मध्ये तिच्यावरून चित्रपट निघाला. ह्या नावाविषयी आम्हांस मनापासून तक्रार आहे. जर्मनांनी हान्नीचा शोध मांडला तो तिच्या केसांवरून. म्हणून तिने ते काळे रंगविले, डोळ्यांवर चष्मा चढविला, आणि अखेरचे महिने त्याच वेषात काढले. जी खूण लपविण्यात तिचा जीव गुंतला होता, तीच खूण कादंबरीने मुखपृष्ठावर लावली. शत्रूने केलेले वर्णन साहित्यिकाने जसेच्या तसे उचलले, असे म्हटले तर ते थोडे कठोर होईल. पण अगदीच अन्यायाचे होणार नाही. शिवाय चित्रपटात सहकाऱ्यावरील प्रेमास जी ऐसपैस जागा दिली आहे, ती पाहून आम्हांस आमची कमलकुमारी आठवली. हॉलंडातही किल्ल्याखाली नायिका लागतेच म्हणावयाची.

दंतकथांचे तसेच. पहिली गोळी चुकल्यावर हान्नीने मारेकऱ्यांस ‘मी तुमच्याहून चांगला नेम मारते’ असे सुनावले, अशी आख्यायिका तिकडे प्रसिद्ध आहे. अभ्यासक तिला पुराव्याचा आधार देत नाहीत. आख्यायिका सुंदर आहे, आणि म्हणूनच तिच्यापासून सावध असावे. मरणाच्या दारात चटकदार वाक्य टाकणारी मुलगी आपणांस आवडते, कारण तिच्या मरणाचे ओझे मग आपल्या मनावर राहत नाही. ह्या उलट फ्रेडीचे पाहा. ती २०१८ पर्यंत जगली. तुम्ही किती जणांस मारलेत, असे तिला विचारीत. त्यावर सैनिकास हा प्रश्न विचारावयाचा नसतो, अशा अर्थाचे ती काही तरी सांगे आणि गप्प होई. आम्हांस ती गप्प राहण्याची क्रिया दहा आख्यायिकांहून अधिक बोलकी वाटते. थोरली बहीण त्रूस पुढे शिल्पकार झाली, आणि १९८२ मध्ये तिने आपल्या आठवणी स्वतःच लिहिल्या.

राजकारणही ह्या चरित्रांस सुखाने राहू देत नाही. १९४५ च्या नोव्हेंबरात हान्नीचे दफन राणी विल्हेल्मिना यांच्या उपस्थितीत सन्मानाने झाले. आणि सहाच वर्षांनी, १९५१ मध्ये, तिच्या स्मृतिदिनाच्या मिरवणुकीस सरकारने बंदी घातली, कारण तिच्या भोवती साम्यवादी पक्षाची माणसे जमत होती. मेलेली मुलगी कोणाची, ह्यावर जिवंतांची झोंबी! प्रतिसरकारच्या माणसांनाही स्वातंत्र्यानंतर पुष्कळ वर्षे ‘हे देशभक्त की दरोडेखोर’ असल्या प्रश्नांस तोंड द्यावे लागले, हे आमच्या वाचकांस ठाऊक असेल.

ह्या दोन मुलींना एका तागडीत घालून तोलण्याचा आमचा मुळीच विचार नाही. एकीच्या हाती पिस्तूल होते आणि तिने माणसे मारली. दुसरीच्या अंबाड्यात चिठ्ठी होती. एक चोविसाव्या वर्षी गेली, दुसरी पंचाण्णव वर्षे जगून नातवंडांत वारली. परंतु दोघींनी शत्रूच्या एकाच आंधळेपणाचा उपयोग केला. हारलेमच्या जर्मन शिपायास सायकलीवरच्या मुलीत मुलगीच दिसली, पोलीस ठाण्यातील शिपायास मार खाणाऱ्या बाईत बाईच दिसली. आणि खेदाची गोष्ट अशी की, शत्रूचा हा आंधळेपणा चरित्रकारांनी वारसाहक्काने घेतला. त्यांनाही कोठे केसच दिसतात, कोठे नुसती थोर बापाची लेक दिसते. क्रांतिसिंहांचे नाव घेतल्याखेरीज हौसाताईंची ओळख करून देता येत नाही. आम्हांसही वर ते साधले नाही, हे कबूल केले पाहिजे.

साईनाथांचे मोठेपण हे की, त्यांनी बाईंस बोलू दिले. वृद्धेच्या स्मरणात तारखा पुढेमागे होतात, म्हणून कागदोपत्री पुराव्यावाचून असे लिहूच नये, असे म्हणणारे पंडित आहेत. त्यांना आमचे उत्तर असे की, अंबाड्यातील चिठ्ठी दप्तरात सापडावी, अशी अपेक्षाच भाबडेपणाची आहे. ती दप्तरात सापडली असती, तर बेत फसला असता. ज्यांनी आपल्या कामाचा माग पुसून टाकला, म्हणूनच ते काम झाले, त्यांच्याकडे कागद मागावयाचा आणि तो नाही म्हणून त्यांना इतिहासाबाहेर बसवावयाचे, हा न्याय कोणता? स्मरण तपासून घ्यावे, इतरांच्या आठवणींशी ताडून पाहावे. पण आधी ते ऐकून तरी घ्यावे.

एक सल मात्र राहतो, आणि तो साईनाथांविषयी नसून आम्हा मराठी लिहिणाऱ्यांविषयी आहे. हौसाताई बोलल्या त्या आपल्या बोलीत. ते बोलणे इंग्रजीत गेले, आणि तेथून पुन्हा मराठीत आणून आम्ही महाडच्या त्या माडीवर वाचीत होतो. कृष्णाकाठच्या बाईचे शब्द मराठी घरात इंग्रजीची घाटी चढून-उतरून आले, तेव्हा त्यांचा सूर वाटेतच कोठे तरी गळला. वाक्ये शुद्ध होती, अर्थ बरोबर होता, आणि बाई मात्र कोठल्या तरी कन्याशाळेच्या मुख्याध्यापिकेसारखी बोलत होती. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक मराठीतच लिहिले, म्हणून वारल्यांच्या लढ्यास मराठीत स्वतःचा आवाज मिळाला. प्रतिसरकारातील स्त्रियांच्या वाट्यास असे एखादे पुस्तक आले असते, तर आम्हांस हे उसने भाषांतर करावे लागले नसते.

मातोश्रींना हे कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. माराच्या तक्रारीचे वाक्य आम्ही वाचले होते ते असे: ‘तू मला इतक्या जोराने का मारलेस?’ त्यांनी मान हलविली. “आमच्याकडं असं कुणी बोलत न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि जपमाळ बाजूस ठेवून, जणू तो सहकारी समोरच उभा आहे अशा रोखाने, त्यांनी ते वाक्य स्वतःच म्हणून दाखविले: “लई जोरानं हाणलंस की रं, मुडद्या!”

मग नदीचा भाग पुन्हा वाचावयास सांगितले. ह्या खेपेस प्रत्येक वाक्य त्यांनी दुरुस्त करून घेतले, आणि घरच्या थोरल्या नातीने ते वहीत उतरून ठेवले.